आधी ‘कशासाठी?’, मग ‘कुठे?’

अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो. रांग लांब होती, त्यामुळे गप्पाही लांबल्या. मी विज्ञानावर लिहितो हे कळल्यावर पुढे उभ्या असलेल्या एका शेतकरी गृहस्थांनी विचारले, “सर, पोरगं कॉम्प्युटर इंजिनिअर झालंय. आता अमेरिकेत एमएस करतो म्हणतंय. चाळीस लाख लागतील. दोन एकर इकावं का?”

हा प्रश्न आज मराठवाड्यातल्या अनेक घरांत आहे. त्याची चर्चा मात्र ‘कुठे’ यापासूनच सुरू होते: अमेरिका, जर्मनी की पुणे? माझ्या मते पहिला प्रश्न ‘कशासाठी’ हा हवा.

पदव्युत्तर पदवीत नेमके काय शिकवतात, ते पाहू. एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा किंवा नवे सॉफ्टवेअर शिकायला ही पदवी लागत नाही. ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. एमटेक किंवा एमएस ही त्यापुढची पायरी. एखादी पद्धत लाखो नोंदींवर का रखडते, अनेक संगणक मिळून एक काम कसे करतात, मशीन लर्निंगमागचे गणित काय, हे तिथे खोलात शिकतात. साधा कोड आता एआय लिहून देते. तो बरोबर आहे की नाही हे ओळखणाऱ्याची किंमत वाढणार आहे. त्यामुळे खोल अभ्यास वाया जाणार नाही. पण ज्याला त्याची ओढ आहे, त्यालाच तो फळतो.

ही पदवी घेण्याची तीन कारणे मला पटतात. संशोधन करायचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे आहे, जिथे ही पदवी लागतेच. किंवा मूळ पदवी दुसऱ्या शाखेची आहे आणि संगणकाकडे वळायचे आहे. ‘कॅम्पसमध्ये नोकरी लागली नाही, मग दोन वर्षे शिकू’ हे कारण मात्र पटत नाही. त्यात अडचण संपत नाही, दोन वर्षांनी पुढे जाते आणि सोबत कर्ज घेऊन येते.

आणि परदेशात नोकरी करणे हाच हेतू असेल तर? त्यात गैर काही नाही. पण मग तो शिक्षणाचा खर्च न मानता गुंतवणूक मानावी आणि तसाच हिशेब करावा. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. चाळीस लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५३ हजार रुपये पडतो. शिकत असतानाचे व्याज वेगळे. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता जड नाही. भारतात परतावे लागले तर पहिल्या नोकरीचा सगळा पगारही पुरेलच असे नाही.

परतावे लागेल की नाही, हे मुलाच्या हुशारीवरच ठरत नाही. अमेरिकेत या विषयाच्या पदवीनंतर साधारण तीन वर्षे काम करता येते. पुढे एच-१बी व्हिसा लागतो, आणि खासगी कंपन्यांसाठी त्यांची वार्षिक मर्यादा ८५ हजारांची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि अनेकांचे हिशेब एका दिवसात कोलमडले. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण वर्षभराच्या राहण्याचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. प्रवेश मिळवून देणाऱ्या अनेक एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळते, हेही त्यांचा सल्ला ऐकताना ध्यानात असू द्यावे.

आता देशातला मार्ग पाहू. ‘गेट’ परीक्षेचा गुणांक तीन वर्षे चालतो. त्यावर आयआयटी, एनआयटीत एमटेकला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. एमसीए आता दोनच वर्षांचे आहे. पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरचे आपले विद्यापीठ आहे. मात्र केवळ नाव पाहून जाऊ नये. कोण शिकवते, प्रकल्प कसले होतात, मागच्या वर्षीची मुले कुठे लागली, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारावे.

‘परम’ महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पदवी नागपूरची, पदव्युत्तर शिक्षण बडोद्याचे, पीएचडी दिल्ली आयआयटीची. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली. प्रत्येकाचे असे होईल असे नाही. पण खेड्यातून निघून, देशातच शिकून या विषयात मोठे काम होते, एवढे त्यातून नक्की कळते.

जालन्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मोसंबीची बाग लावण्याआधी तो माती आणि पाणी तपासतो. फळ यायला चार-पाच वर्षे लागतात हे त्याला ठाऊक असते, आणि २०१२ च्या दुष्काळात उभ्या बागा कशा वाळल्या हेही तो विसरलेला नाही. पोराच्या पदवीलाही तीच कसोटी लावावी.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, “पोराला एका कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगा. ही पदवी कशाला हवी, दोन वर्षांनी नोकरी मिळाली नाही तर काय करशील, आणि त्याआधी एक वर्ष नोकरी करून किंवा ‘गेट’ देऊन का पाहत नाहीस? उत्तरे मनासारखी आली, तर जाऊ द्या, अडवू नका. तोवर जमीन राहू द्या.”

ते हसून म्हणाले, “कागद आजच देतो त्याच्या हातात.”