वस्तरा कुणाच्या हातचा?

सणासुदीला भांडण काढू नये म्हणतात. परंतु जुने वस्तरे जमवणाऱ्या मंडळींशी मला भांडायचे आहे, आणि साऱ्या घराने मिळून वाचावा असा अंक वर्षातून एकदाच निघतो; तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

इंग्लंडातले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगेन ही या छांदिष्टांची काशी-रामेश्वर. तिथला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा वस्तरा हाती आला, की ते भिंग काढतात. दांडीवर छाप कोणत्या कारखान्याची, मूठ हस्तिदंती की शिंगाची, सात वारांच्या सात वस्तऱ्यांची पेटी पुरी आहे की एखादा वार हरवला आहे, यावर घटका घटका वाद घालतात. मग कित्येक जण तो वस्तरा यंत्राच्या चाकावर धरून आरशासारखा चकाकवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात.

कोणी म्हणेल, "छंद आहे बिचाऱ्यांचा, तुमचे काय जाते?" ही माणसे नसती तर कितीतरी पाती भंगारात गेली असती, हे मलाही मान्य आहे. माझा राग जमवण्यावर नाही. हाती भिंग असून त्यांना जे दिसत नाही, त्यावर आहे.

छाप असते मालकाची; पाते घासणारा पुष्कळदा वेगळाच. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत काढली आणि शेफील्डचे नाव जगभर गेले. पण नुसत्या चांगल्या पोलादाने दाढी होत नाही. ठोकून घडवलेले पाते फिरत्या दगडी चाकावर धरावे लागे. वस्तऱ्याच्या दोन्ही अंगांना जो खोलगटपणा दिसतो, तो त्या चाकाच्या गोलाईचा ठसा. घासणारा चाकावर ओणवा बसे. दगडाची आणि पोलादाची धूळ थेट छातीत जाई. 'घासणाऱ्यांचा दमा' असे त्या रोगाला नावच पडले होते. इंग्लंडमधील कामगारांवर एंगल्सने लिहिलेला ग्रंथ १८४५ साली निघाला. त्यात शेफील्डच्याच डॉक्टर नाइट यांचा हिशेब दिला आहे : कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरत, वस्तरे घासणारे कोरड्या-ओल्या दोन्ही दगडांवर काम करीत, म्हणून ते ४० ते ४५ पर्यंत तगत.

माझे वय आज ४३ आहे.

त्या माणसाची जगात उरलेली खूण एकच : पात्यावरच्या त्याच्या हाताच्या बारीक रेघा. आणि आमचे रसिक त्याच पुसून टाकतात! यंत्रावर पाते तापले, तर त्याचे पाणीही उतरते. राहते ती चकाकी. पण ती वस्तऱ्याची नव्हे, आपल्या हौसेची.

म्हणून माझे सांगणे इतकेच. खुशाल जमवा; पण यंत्राला शिवू नका. गंज हलक्या हाताने काढा, वर तेलाचे बोट फिरवा. एखादा वस्तरा निसण्यावर लावून, चामड्याच्या पट्ट्यावर परजून त्याने दाढीही करा. कारागिराने तो त्यासाठीच घासला होता. आणि कपाटातल्या चिठ्ठीवर कारखान्याच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा : 'घासणाऱ्याचे नाव ठाऊक नाही.' दिवाळीच्या फराळाला आलेला पाहुणा विचारील, "हा घासणारा कोण?" मग तुम्हांला त्याची हकिगत सांगावीच लागेल.