सोळा सोंगट्यांचा कॅरम



दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरचा माळा खाली उतरतो. परवा माझा भाचा (इयत्ता सहावी!) त्यातून एक भलंथोरलं खोकं भरून घेऊन आला. "मावशी, हे सगळं आश्रमशाळेतल्या मुलांना देऊन टाकू."

मला कोण कौतुक वाटलं! खोकं उघडलं. चाक नसलेली मोटार, वाळून गेलेली स्केचपेनं आणि एक कॅरम. सोंगट्या एकोणीस हव्यात, निघाल्या सोळा. क्वीन गायब. स्ट्रायकरही नाही.

"यावर तू खेळशील का रे?"

"छे! म्हणून तर देतोय ना!"

हसू नका हं. मोठी माणसंही हेच करतात. २६ डिसेंबर २००४ ला तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून कपड्यांचे ढीग गेले. त्यातले कितीतरी कुणाच्याच उपयोगाचे नव्हते, ते तसेच पडून राहिले. शेवटी दिल्लीच्या 'गूंज' संस्थेने त्यातले कपडे गोळा करून, निवडून कामी लावले. ही संस्था १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केली, तीही घरातल्या ६७ कपड्यांवर! तिथे प्रत्येक कपडा तपासतात. अगदीच विरलेला असेल तर त्याची गोधडी होते. म्हणजे आपण न केलेलं काम दुसऱ्या कुणाला तरी करावंच लागतं.

भाचा जरा वेळ फुरंगटून बसला. मग कपाटाखाली हात घालून त्याने दोन काळ्या सोंगट्या शोधल्या. क्वीन आणि स्ट्रायकर खाऊच्या पैशांतून आणले. बोर्ड पुसून पावडर टाकली आणि आम्ही दोन डाव खेळून पाहिले. (दोन्ही मी हरले.)

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. मूल शाळेत गेलं की गुपचूप त्याची खेळणी वाटून टाकू नका. ते दान तुमचं झालं, त्याचं नाही. विचारा, नाही म्हणालं तर थांबा.

कॅरम शनिवारी रवाना झाला. त्याच्यासोबत भाच्याची जुनी बॅटही जायची होती. आता ती त्याला लहान होते, पण पहिला षटकार तिनेच मारलाय ना! दोनदा खोक्यात ठेवली, दोनदा बाहेर काढली. काल विचारलं, तर म्हणाला,

"मावशी, एवढी रविवारची मॅच होऊ दे."