श्वासांचा हिशेब

ब्रिटिश नौदलाच्या ‘थंडरबोल्ट’ पाणबुडीची युद्धातील कारकीर्द जेमतेम अडीच वर्षांची. डिसेंबर १९४० मध्ये तिने बिस्केच्या उपसागरात ‘तारांतिनी’ ही इटालियन पाणबुडी बुडवली. जानेवारी १९४३ मध्ये पालेर्मो बंदरावरील हल्ल्यासाठी तिने माणसांनी चालवायचे टॉर्पेडो वाहून नेले. १४ मार्च १९४३ रोजी सिसिलीजवळ इटालियन युद्धनौकेने तिला बुडवले. एकही खलाशी वाचला नाही. पराक्रमाच्या या नोंदीआड तिचे पहिले नाव झाकले जाते. ते होते ‘थेटिस’, आणि आरोग्याच्या दृष्टीने खरा धडा त्या नावाशी जोडलेला आहे.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ची चाचणी होती. टॉर्पेडो नळीत पाणी आहे का, हे पाहण्यासाठी असलेले बारीक छिद्र रंगाने बुजले होते. त्यातून पाणी आले नाही, म्हणून नळी रिकामी समजून आतले दार उघडले गेले. बाहेरचे तोंड मात्र उघडेच होते. समुद्र आत घुसला, पुढचे दोन कप्पे भरले आणि पाणबुडी नाकावर आदळून तळाला टेकली.

तरीही बहुतेक जण त्या क्षणी जिवंत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तर पाणबुडीचे शेपूट पाण्यावर दिसत होते. पण १०३ पैकी चौघेच वाचले. उरलेल्या बहुतेकांना पाण्याने नव्हे, स्वतःच सोडलेल्या श्वासाने मारले.

मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. आपल्या उच्छ्वासात तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो. बंद जागेत हे प्रमाण ३ टक्क्यांवर गेले की धाप लागते, डोके ठणकते. ६ टक्क्यांच्या सुमारास विचार गोंधळतात, १० टक्क्यांजवळ शुद्ध हरपते. म्हणजे ऑक्सिजन पुरता संपण्याआधीच माणूस निकामी होतो. त्यात चाचणीमुळे गोदीचे कामगार आणि अधिकारीही आत होते. माणसे नेहमीच्या जवळपास दुप्पट होती. साहजिकच हवा पुरण्याचा अवधी निम्म्यावर आला. पहिली सुटका झाली ती सुमारे सतरा तासांनी. तोवर सुटकेचे उपकरण नीट हाताळण्याचे त्राण अनेकांत उरले नसावे.

कामगार संघटनांच्या वतीने शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी हा प्रश्न हाती घेतला. स्वतःला आणि काही स्वयंसेवकांना बंद कक्षात कोंडून घेऊन त्यांनी दूषित हवेचा परिणाम अनुभवला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याला आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले.

या दुर्घटनेचा विषय निघाला की रंगाने बुजलेल्या छिद्राचीच गोष्ट सांगितली जाते. त्या चुकीवर उपायही झाला: आतले दार आधी किंचितच उघडेल अशी खिट्टी बसवली गेली आणि तिला ‘थेटिस’चेच नाव मिळाले. पण ती चूक पाणी आत येण्याची होती. माणसे गेली ती वाट पाहण्यात. बाहेरून मदत येईल, मग निघू, हा विचार एरवी शहाणपणाचा वाटतो. बंद जागेत तो घातक ठरतो, कारण निर्णय घेणारा मेंदूच तासागणिक मंदावत असतो.

म्हणूनच बाहेर पडण्याची वेळ आत अडकलेल्यांच्या अंदाजावर सोडता कामा नये. किती माणसे, किती हवा, किती तास हा हिशेब आत शिरण्याआधी व्हायला हवा. जुनी विहीर, टाकी, धान्याचे पेव यांनाही हेच लागू आहे. तिथे साठणारे वायू वेगळे असतील आणि अवधी तासांऐवजी मिनिटांचा असेल, एवढाच फरक. हवा तपासल्याशिवाय कोणी उतरू नये. आत कोसळलेल्याला वाचवायला तर नाहीच नाही. ‘थेटिस’ दुरुस्त होऊन, नाव बदलून पुन्हा समुद्रात उतरली. तिच्यातल्या ९९ जणांना ती संधी नव्हती.