कुंपणाने शेत खाल्ले, तरीही...

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक लहानशी फाइल रवाना केली. हल्लेखोरांच्या नव्या क्लृप्त्या ओळखण्यासाठीची माहिती तीत होती आणि अशा फाइली पाठविणे हा या कंपनीचा नित्याचाच परिपाठ होता. चूक ध्यानात येऊन ७८ मिनिटांत ती फाइल मागेही घेण्यात आली. परंतु तेवढ्या अवधीत जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थबकले होते. विमानसेवा, रुग्णालये, दूरचित्रवाहिन्या, बँका, सारे एकाच वेळी अडखळले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले आणि 'इंडिगो'ला सुमारे दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली. दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी जाहीर केले.

हा कोणा शत्रूचा हल्ला नव्हता. ज्याला राखणीसाठी नेमले त्या पहारेकऱ्यानेच दार अडवून धरले होते. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात, त्यातला हा प्रकार. साहजिकच त्यानंतर एक निष्कर्ष अनेक कार्यालयांत आणि घरोघरी काढला गेला: 'चालू यंत्राला हात लावू नये, अपडेट बंद ठेवलेले बरे.' हा निष्कर्ष सोयीचा आहे, अनुभवातून आलेला आहे आणि तरीही तो चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजून घ्यायचे तर कार्यप्रणाली आणि तिचे रक्षण करणारी आज्ञावली यांच्यातील जुने भांडण आधी समजून घ्यावे लागेल.

गाभाऱ्यात दोघांची गर्दी

प्रत्येक कार्यप्रणालीला एक गाभा असतो. त्याला 'कर्नेल' म्हणतात. स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक यांच्यावर प्रत्यक्ष हुकमत चालते ती याच गाभ्याची. आपण वापरतो ते लेखनाचे, हिशेबाचे वा चित्रांचे प्रोग्राम बाहेरच्या सभामंडपात वावरतात. त्यांतला एखादा कोसळला तर तेवढाच बंद पडतो, संगणक चालू राहतो. गाभाऱ्यातील एखादा घटक चुकला, तर मात्र पुढची हानी टाळण्यासाठी प्रणाली स्वतःच सारे कामकाज थांबवते. निळा पडदा म्हणतात तो हाच.

अँटिव्हायरस बनविणाऱ्यांना या गाभाऱ्यात प्रवेश हवा असतो आणि त्यांचे कारणही रास्त आहे. चोर आत शिरू शकत असेल, तर पहारेकऱ्याने ओसरीवर बसून काय साधणार? म्हणून ही आज्ञावली उघडणाऱ्या प्रत्येक फाइलीच्या आड उभी राहते, ती तपासते आणि मगच पुढे जाऊ देते. आता कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण म्हणजे काय, हे पाहावे. प्रणालीच्या हजारो अंतर्गत फाइली बदलणे, जुन्या काढून नव्या ठेवणे, सुरुवातीचा क्रम नव्याने लिहिणे, अशीच कामे त्यात असतात. विषाणूही हुबेहूब अशीच कामे करतो. त्यामुळे पहारेकऱ्याने नेमकी बदलायची फाइल धरून ठेवावी आणि अपडेट अर्धवट होऊन मागे फिरावे, यात नवल नाही. प्रणाली बनविणाऱ्याने गाभ्यातील मांडणी बदलली आणि पहारेकरी जुन्याच वाटेने चालत राहिला, तर दोघेही तोंडघशी पडतात.

क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात चूक वरवर पाहता क्षुल्लक होती. नव्या माहितीच्या साच्यात २१ रकाने अपेक्षित होते. संगणकावरील आज्ञावली प्रत्यक्षात २० च पुरवीत होती. एकविसावा शोधताना ती स्मृतीच्या हद्दीबाहेर गेली आणि ती गाभाऱ्यात असल्यामुळे सारा संगणकच कोसळला. शिवाय ती संगणक सुरू होतानाच जागी होत असल्याने यंत्र पुन्हा सुरू केले, तरी पुन्हा कोसळणे चालूच राहिले.

दुखणे आजचे नाही

हे प्रथमच घडले, असे म्हणता येणार नाही. २१ एप्रिल २०१० रोजी 'मॅकॅफी'च्या दैनंदिन अपडेटने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरवून बाजूला काढली आणि जगभरातील संगणक बंद-चालू होण्याच्या चक्रात अडकले. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी असलेले जॉर्ज कर्ट्झ हेच पुढे क्राउडस्ट्राइकचे संस्थापक आणि २०२४ मध्ये तिचे प्रमुख होते. हा योगायोगच, पण चौदा वर्षांत दुखणे बरे झाले नव्हते, हे त्यातून दिसते.

याहून बोलके उदाहरण जानेवारी २०१८ चे. 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरच्या रचनेतीलच दोष उघड झाले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने घाईने दुरुस्ती दिली. मात्र काही अँटिव्हायरस गाभ्याच्या स्मृतीत अधिकृत नसलेल्या मार्गांनी डोकावत असल्याने ही दुरुस्ती बसताच संगणक कोसळत असल्याचे आढळले. तेव्हा कंपनीने अट घातली: अँटिव्हायरसने प्रणालीच्या नोंदवहीत 'मी सुसंगत आहे' अशी खूण करावी, अन्यथा त्या संगणकाला ही आणि यापुढचीही सुरक्षा दुरुस्ती मिळणार नाही. परिणाम असा, की ज्यांचा अँटिव्हायरस जुना होता, ते नकळत दुरुस्तीपासूनच वंचित राहिले. ही अट त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मागे घेण्यात आली. पुढे एप्रिल २०१९ मध्ये विंडोजच्या मासिक दुरुस्तीनंतर 'सोफोस', 'अवास्ट', 'अविरा' आदी अँटिव्हायरस असलेले अनेक संगणक सुरू होताना गोठू लागले आणि त्यांतील काही उत्पादनांपुरते ते अपडेट मायक्रोसॉफ्टला रोखून धरावे लागले.

ठिगळ न लावल्याची किंमत

'मग अपडेटच नको' म्हणणाऱ्यांनी २०१७ हे वर्ष आठवावे. विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या यंत्रणेतील एका गंभीर छिद्रावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी ठिगळ दिले. १२ मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने त्याच छिद्रातून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरकाव केला. ज्यांनी ठिगळ लावले होते ते वाचले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला तेव्हा अंदाजे १९ हजार रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेथे कोणाचे विमान चुकले नव्हते. कोणाची शस्त्रक्रिया लांबली होती.

त्यानंतर दीड महिन्यातच 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील एका करविषयक आज्ञावलीच्या अपडेटमधूनच तो पसरविण्यात आला होता. त्याचा फटका 'मर्स्क' या जहाजवाहतूक कंपनीला बसला आणि तिच्या समूहाकडे असलेल्या, आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले. कीव्हमधील हिशेबाच्या आज्ञावलीत शिरलेली कीड उरणच्या किनाऱ्यावरील कंटेनर अडवू शकते, हे तेव्हा कळले.

म्हणजे दोन्ही बाजूंना दरी आहे. अपडेट लावावे तर संगणक कोसळण्याची भीती आणि न लावावे तर लुटला जाण्याची. मात्र या दोन भीती सारख्या तोलाच्या नाहीत. फसलेले अपडेट मागे घेता येते. खंडणीखोराने कुलूपबंद केलेली कागदपत्रे बहुधा परत मिळत नाहीत. तेव्हा खरा प्रश्न अपडेट लावावे की नाही हा नसून, परतीची वाट राखून ते कसे लावावे, हा आहे.

बिघाड शोधण्याची शिस्त

सामान्य वापरकर्त्याचा यातील अनुभव ठरावीक असतो. अपडेट नव्वद टक्क्यांवर येते, थांबते, 'बदल मागे घेत आहोत' असा संदेश झळकतो आणि एक अगम्य क्रमांक उरतो. हा क्रमांक म्हणजे निदान नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या असंख्य वापरकर्त्यांना ८००७०६४३ या आकड्यांनी संपणारी त्रुटी दिसली. तिचा साधा अर्थ 'बसवता आले नाही' एवढाच. प्रत्यक्षात कारण होते ते डिस्कवरील दुरुस्तीच्या राखीव कप्प्यात पुरेशी जागा नसणे. त्या वेळी ज्यांनी वैतागून अँटिव्हायरस काढून टाकला, त्यांच्या हाती काहीच लागले नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. मग डिस्कवर मोकळी जागा आहे ना, हे पाहावे. अनावश्यक बाह्य उपकरणे काढून संगणक नव्याने सुरू करावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. त्यानंतर एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस नाहीत ना, याचा शोध घ्यावा. नवा संगणक घेताना सोबत आलेला मुदत संपलेला एक आणि नंतर विकत घेतलेला दुसरा, अशी जोडी आपल्याकडे सर्रास आढळते. म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे येथे शब्दशः खरे आहे.

संशय अँटिव्हायरसवरच असेल, तर तो नुसता 'बंद' करून भागत नाही, कारण त्याचे गाभ्यातील घटक तरीही जागेच राहतात. तो रीतसर काढावा आणि उत्पादकाने स्वतंत्रपणे दिलेले सफाईचे साधन वापरून त्याचे अवशेषही काढावेत. बाहेरचा पहारेकरी गेला, की विंडोजचा स्वतःचा 'डिफेंडर' आपोआप कामाला लागतो. तो लागला आहे याची खात्री करावी. अपडेट यशस्वी झाले, तर अँटिव्हायरसची ताजी आवृत्ती पुन्हा बसवावी. अपडेट तरीही फसले, तर दोष त्याचा नव्हता असे समजावे आणि प्रणालीच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी 'डीआयएसएम' व 'एसएफसी' ही विंडोजमधीलच साधने त्या क्रमाने वापरावीत. एका वेळी एकच बदल करावा. चार उपाय एकदम केले, तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

आणि संगणक सुरूच होत नसेल तर? 'सेफ मोड' आणि दुरुस्तीचा विभाग यांतून नुकतेच बसलेले अपडेट काढता येते. मात्र डिस्क सांकेतिक कुलपात असेल, तर तेथे ४८ आकडी किल्ली लागते. २०२४ च्या त्या शुक्रवारी दोषी फाइल पुसून टाकण्याचे काम काही मिनिटांचे होते. अनेक ठिकाणी अडले ते या किल्लीपाशी, कारण ती ज्या सर्व्हरवर जपून ठेवली होती, तो सर्व्हरही निळ्या पडद्यावरच होता. ही किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवणे, हा सर्वांत स्वस्त विमा आहे. अशा संकटांत 'आम्ही दुरुस्त करून देतो' म्हणणारे भामटेही तत्परतेने उगवतात. २०२४ मध्येही बनावट दुरुस्त्यांची संकेतस्थळे काही तासांत उभी राहिली होती. त्यामुळे उपाय मूळ उत्पादकाकडूनच घ्यावा.

गाभाऱ्याची किल्ली कोणाकडे?

सारा भार वापरकर्त्यावर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. गाभाऱ्याची किल्ली कोणाकडे असावी, हा वाद जुना आहे. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टने ६४ बिटी प्रणालीचा गाभा बंदिस्त करू पाहिला, तेव्हा सुरक्षा कंपन्यांनी मक्तेदारीचा आरोप केला. स्वतःची सुरक्षा आज्ञावली विकणाऱ्यानेच इतरांना दार बंद करावे, हे त्यांना मान्य नव्हते. २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेल्या हमीमुळे आपल्याला दार उघडे ठेवावे लागले, असे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये सुचविले. कंपनीने सुरक्षेविषयीची चिंता आपल्याकडे कधी मांडलीच नाही, असे उत्तर आयोगाने दिले. अॅपलने २०१९ पासून गाभ्याबाहेर राहून राखण करण्याचा मार्ग आखून दिला. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दिशेने योजना जाहीर केली आणि २०२५ मध्ये निवडक कंपन्यांना नव्या व्यवस्थेची चाचणी देऊ केली.

ही दिशा योग्य आहे. पण तांत्रिक उपाय पुरेसा नाही. 'डेल्टा' या विमान कंपनीची सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली आणि ५० कोटी डॉलरच्या नुकसानीचा दावा घेऊन ती न्यायालयात जाऊ शकली. तालुक्याच्या गावातील पतसंस्था वा दवाखाना कोणत्या न्यायालयात जाणार? बहुतेक आज्ञावलींच्या करारांत उत्पादकाची जबाबदारी फार तर भरलेल्या शुल्काइतकी असते. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात आज्ञावलीलाही 'उत्पादन' मानून सदोष उत्पादनाची जबाबदारी तिच्या निर्मात्यावर टाकली आहे, अर्थात ती व्यक्तींना झालेल्या हानीपुरती. आपल्याकडेही हा विचार व्हायला हवा. अपडेट आधी थोड्या संगणकांवर, मग टप्प्याटप्प्याने सर्वत्र पाठविणे ही प्राथमिक शिस्त आहे. ७८ मिनिटांत ८५ लाख यंत्रे कोसळली, कारण ती फाइल पाठविताना ही शिस्त पाळली गेली नव्हती. कंपनीने ती नंतर स्वीकारली. मोठ्या ग्राहकांनी व सरकारी खात्यांनी खरेदीच्या अटींतच तिचा आग्रह धरायला हवा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नव्या आवृत्तीला न झेपणारे कित्येक संगणक आपल्या शाळांत आणि छोट्या कार्यालयांत आहेत. 'अपडेटची कटकट संपली' असे वाटून त्यांचे मालक निश्चिंत झाले, तर तीच खरी धोक्याची घडी. ठराविक मुदतीची वाढीव सुरक्षा योजना घ्यावी, दुसरी प्रणाली बसवावी, नाहीतर तो संगणक महाजालापासून दूर ठेवावा.

कुंपणाने शेत खाल्ले, म्हणून कोणी शहाणा शेतकरी कुंपण उपटून टाकत नाही. तो ते नीट रोवतो, त्यावर नजर ठेवतो आणि बियाणे मात्र घरात वेगळे जपून ठेवतो.