एका नावाची भीती

आमच्या सासूबाईंच्या करंजीची मुरड राजारामपुरीच्या आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. कातणे त्यांनी जन्मात कधी हाती धरले नाही. “कातणं म्हणजे आळशी बाईचं हत्यार,” असे त्यांचे मत. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्या पहिल्याच दिवाळीत ते मला ऐकावे लागले, आणि कातणे वापरणारी मी गप्प बसले.

पण गेली तीन वर्षे त्यांची बोटे त्यांना दाद देईनाशी झाली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे. मनगटे सुजत, सांधे हाताला ऊन लागत. आम्ही आधी वयाला दोष दिला, मग वाताला, आणि मग शेजारीपाजारी सुचवतील ती तेले चोळली. अखेर डॉक्टरांनी सांगितले, की हा म्हातारपणाचा वात नव्हे, हा आमवात. इंग्रजीत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच ह्या रोगात आपल्या सांध्यांवर उलटते. गोळ्यांनी वर्षभर उतार पडला, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. यंदा श्रावणात डॉक्टर म्हणाले, “आता सुई सुरू करू.” आणि त्यांनी एक मराठी माहितीपत्रक हातावर ठेवले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला देवघरापाशी बोलावले. लुगड्यांच्या खालून एक पुरचुंडी काढली. तिच्यात त्यांच्या पाटल्या होत्या. बोटांची पेरे सुजल्यापासून त्या हातात जात नसत.

“ह्या नातीच्या लग्नात तिला घाल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगत नाही, पण मला वाचता येतं.”

पत्रकात एका ओळीत छापले होते : ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’.

त्यांची थोरली बहीण तोंडाच्या कर्करोगाने गेली. तिला मिश्री लावायची सवय होती. घरच्यांनी तिला शेवटपर्यंत ‘दाढेची गाठ आहे’ असेच सांगितले, आणि ते सांगणाऱ्यांत सासूबाई स्वतःही होत्या. तेव्हा आता आपल्याशीही तसेच चालले आहे, असे त्यांना वाटले तर त्यात त्यांचे काय चुकले?

मुलांना शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा पोटाचा धंदा. पण त्या घटकेला मी म्हटले, “काही नाही हो आई, नुसतं नाव आहे ते.” आणि म्हणतानाच ध्यानात आले, की मावशींनाही असेच काहीसे सांगितले गेले असणार.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठले. मग आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाईंचे डोके खाल्ले, त्यांच्याकडची पुस्तके आणली. चार संध्याकाळी त्यांत गेल्या. पाचव्या दिवशी सासूबाई भाजणीचे धान्य निवडत बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले.

हकीकत सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. विल्यम कोली नावाच्या शल्यवैद्यांच्या पाहण्यात आले, की अंगावर विसर्प उठून जबर ताप आलेल्या एका रुग्णाची गाठ विरून गेली. १८९१ पासून त्यांनी गाठींच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले. काहींच्या गाठी खरोखर ओसरल्या, काहींना तो तापच भोवला. हे कशाने घडते, ते पुढे कितीतरी वर्षे उलगडले नाही. १९७५ मध्ये त्याच शहरात लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बी.सी.जी. दिली, मग जंतूंचे विष टोचले. त्या उंदरांच्या रक्तात असा एक पदार्थ तयार झाला, की तो दुसऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या गाठी काळ्या पडून मरू लागल्या. त्यांनी त्याचे नाव ठेवले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक.

“म्हणजे गाठ करणारा नव्हे?” सासूबाईंनी विचारले.

“नाव तरी मारणारा असंच आहे,” मी म्हटले. पण इथे थांबले असते तर तेही अर्धसत्यच झाले असते.

हा पदार्थ बनवण्याची कृती आपल्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली आहे. लेखन लहानसे, तीन हजारांहून थोडी कमी अक्षरे. १९८४ मध्ये ते जनुक हाती आले, पदार्थ हवा तेवढा करता येऊ लागला, आणि कर्करोगावर रामबाण सापडला असे वाटले. पण रुग्णांना तो दिला तेव्हा ताप चढला, रक्तदाब कोसळला, आणि गाठी बहुधा होत्या तशाच राहिल्या. १९८५ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. दीर्घ आजारात माणसाला सुकवणारा म्हणून जो पदार्थ ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी अभ्यासत होते, तो हाच निघाला. एकाच्या लेखी तो गाठ मारणारा, दुसऱ्याच्या लेखी देह झिजवणारा!

खरे म्हणजे त्याचे रोजचे काम निराळेच. शरीरात जंतू शिरला की तो दवंडी पिटतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, जागा लाल होते, सुजते, तापते. क्षयाचे जंतू कोंडून ठेवणाऱ्या भिंतीही त्याच्याच जोरावर उभ्या असतात. काम झाले की दवंडी थांबावी लागते. आमवातात ती थांबत नाही.

“मग माझ्या बहिणीचं काय झालं?” त्यांनी सूप खाली ठेवले.

तंबाखूची विषे पेशींच्या मूळ लेखनातच चुका करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ मध्येच तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तंबाखूच्या सवयीकडे त्यांनी तेव्हापासून बोट दाखवले. त्यातून रोज चोळून तोंडाचे अस्तर धुमसत राहिले, की ही दवंडीही वर्षानुवर्षे थांबत नाही, आणि बिघडलेल्या पेशींना तिचे खतपाणी मिळते. १९९९ मध्ये हे जनुकच नसलेल्या उंदरांच्या कातडीवर कर्करोग आणणारी रसायने लावली, तेव्हा त्यांना गाठी पुष्कळच कमी आल्या. भरपूर मात्रेत गाठ मारणारा हा पदार्थ थोडाथोडा, सतत झिरपत राहिला तर गाठ पोसतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

“आणि नातीला लागेल का?”

हे जनुक नातीतही आहे, माझ्यात आहे, सगळ्या गल्लीत आहे. त्याच्यावाचून साधी जखम सांभाळणेही अवघड. आमवाताकडे काही घराण्यांचा कल थोडा अधिक असतो हे खरे, पण कल म्हणजे ललाटलेख नव्हे. “माझ्याच नशिबी का?” असेही त्यांनी विचारले. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला आपण ज्या भिगवणला जातो, तिथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर सांधेदुखीची पाहणी केली. आमवाताचे रुग्ण प्रौढांमध्ये हजारी सुमारे पाच निघाले. “म्हणजे राजारामपुरीतही असतील की!” त्या म्हणाल्या, आणि त्यांना जरा बरे वाटलेले दिसले.

लंडनमध्ये लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन ह्यांनी १९९२ मध्ये ह्या पदार्थाला जखडणारे औषध आमवाताच्या रुग्णांना प्रथम दिले. आमची सुई त्याच कुळातली. तिचे धोकेही मी त्यांना सांगितले. क्षयाच्या भिंती ढासळू शकतात, म्हणून आधी छातीचा फोटो आणि चाचणी. गाठ मारणाऱ्यालाच बांधले तर कर्करोग वाढेल काय, ही शंका डॉक्टरांनाही होती. मोठ्या पाहण्यांत एकंदर कर्करोग वाढल्याचे दिसले नाही, त्वचेच्या बाबतीत मात्र ते सावध असतात. सासूबाईंनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “अक्काला पण असं कुणी बसून सांगायला हवं होतं.”

मला त्यावर काही बोलता आले नाही.

आजवर पाच सुया झाल्या. मूठ आता पाव तासात वळते. करंगळी अजून ऐकत नाही. परवा फराळाची पहिली परात मांडली, तेव्हा त्यांनी सात करंज्यांना मुरड घातली आणि आठवी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “घे तुझं कातणं.” पुरचुंडी मी त्यांना त्याच संध्याकाळी परत केली होती. डाव्या हातात पाटली जाते. उजव्याचे नक्की सांगता येत नाही. पण त्या रोज अंघोळीनंतर घालून पाहतात.