घाणेरीचें रान

गेल्या भाद्रपदांत हरतालिकेच्या दिवशीं आमच्या घरचीं मुलें पत्री आणावयास जवळच्या टेकडीवर गेलीं होतीं. परत आलीं तीं टोपली भरून. परंतु आमच्या मातोश्री एकेक डहाळी निवडूं लागल्या, तेव्हां आघाड्याच्या दोन काड्या व मूठभर दूर्वा यांपलीकडे पूजेच्या उपयोगाचें त्यांत कांहींच निघालें नाहीं. बाकी सर्व पाला एकाच झुडुपाचा होता. खरखरीत पानें, चौकोनी काटेरी काड्या, पिवळ्या-गुलाबी फुलांचे झुबके आणि चुरडतांच नाकांत शिरणारा उग्र दर्प. "अरे, ही तर घाणेरी! ही देवाला कशी चालेल?" असें मातोश्री म्हणाल्या, तेव्हां थोरल्या नातवानें दिलेलें उत्तर आम्हांस अद्याप बोचत आहे. तो म्हणाला, "आजी, टेकडीवर दुसरें कांहीं नाहींच."

घाणेरी, किंवा कोठें कोठें जिला टणटणी म्हणतात ती, आपल्याकडची नव्हे. तिचें मूळ स्थान अमेरिकेचा उष्ण प्रदेश. फुलांच्या हौसेनें युरोपीय लोकांनीं ती आपल्या बागांत नेली, तेथें तिचे नाना संकर केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आली. पुढें कुंपणासाठीं ती गांवोगांव लावली गेली व कुंपणांतून रानांत शिरली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, देशांतील वाघांच्या वनप्रदेशापैकीं शेंकडा चाळीसांहून अधिक भागांत, म्हणजे सुमारें १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रांत, तिचा शिरकाव झालेला होता.

एका झुडुपास हें साधलें कसें? तिचीं काळीं-जांभळीं फळें बुलबुलांसारखे पक्षी आवडीनें खातात व बिया दूरदूर टाकतात. पानें मात्र विषारी. गुरांनीं खाल्लीं तर यकृत बिघडतें. यास्तव गुरें सहसा तिला तोंड लावीत नाहींत, शेजारचें गवत व कोंवळीं रोपें तेवढीं खातात. अशा रीतीनें चराईचा जुलूम इतरांवर आणि लाभ तिला. वरून तोडावी तर बुडापासून पुन्हां धुमारे फुटतात. तिच्या दाट जाळींत खालीं ऊन पोंचत नाहीं, आणि तिच्या पाल्यांतील द्रव्यें इतर बियांच्या रुजण्यास बाधा आणतात. जुने वृक्ष उभे दिसतात, परंतु त्यांच्या पायाशीं त्यांचीं पिलें वाढत नाहींत. ज्या घरांत वडील मंडळी आहेत पण पाळणा हालत नाहीं, त्या घरासारखी त्या रानाची अवस्था होते. दुरून पाहणारास मात्र सर्व हिरवेंगार दिसतें.

येथें कोणी म्हणेल, परकें तें वाईटच. आम्हांस हें मान्य नाहीं. एकादशीची आपली खिचडीच पाहा. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, हीं चारीहि अमेरिकेचीं. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू मेक्सिकोचा. यांपैकीं कोणीं आपलें रान बळकाविलें नाहीं. तीं शेतांत व परसांत आपल्या हाताखालीं नांदलीं. तेव्हां परकेपणा हा दोष नव्हे. मोकाट सुटून शेजाऱ्यास जगूं न देणें हा दोष होय, आणि त्याची परीक्षा वागणुकीवरून करावयाची, जन्मस्थानावरून नव्हे.

शिवाय दोष तिचा एकटीचा नाहीं. घाणेरीला ऊन हवें. घनदाट, अभंग अरण्याच्या आंत तिला सहसा थारा मिळत नाहीं. जेथें झाडें तुटलीं, रस्ते निघाले, गुरें अतोनात चरलीं, तेथें ती प्रथम शिरते. दार आपण उघडें टाकलें आणि घर भरल्याबद्दल बोल तिला लावला, हा न्याय नव्हे.

उपायहि याच विचारांतून निघतो. दिल्ली विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेली रीत सोपी आहे. जमिनीच्या किंचित् खालीं, जेथून धुमारे फुटतात त्या भागाखालीं, मुख्य मूळ तोडावें आणि झुडूप उलटें करून वाळत ठेवावें. फळें धरण्यापूर्वीं हें करावें, व पुढें कांहीं वर्षें नवीं रोपें उपटीत राहावें. परंतु नुसतें काढून भागत नाहीं. मोकळी जागा तशीच टाकली तर तीच परत येते, नाहीं तर रानमोडीसारखें दुसरें तण येतें. तेथें स्थानिक गवत, करवंद, धायटी, निर्गुडी यांना जम बसवूं दिला पाहिजे. काढण्याच्या दिवशीं पुष्कळ हात जमतात. राखण्याच्या वर्षांत थोडे उरतात. खरें काम तें दुसरें. आणि वनखात्याच्या जमिनीवर असें काम त्या खात्याच्या परवानगीनेंच करावें.

आतां एक कबुली. नातवाच्या त्या उत्तरानंतर आम्ही आमच्याच कुंपणाकडे नीट पाहिलें. रोपवाटिकेंतून हौसेनें आणलेली रंगीत फुलांची जी जाळी दारापाशीं तीन वर्षें बहरत होती, ती घाणेरीच निघाली. तिचीं फळें खाऊन बुलबुल टेकडीकडे उडतांना आम्हीं रोज पाहिले होते, आणि कौतुकहि केलें होतें. ती आम्हीं मुळासकट काढली व त्या जागीं अडुळसा लावला. मातोश्रींनीं अंगणाच्या एका कोपऱ्यांत आघाडा व माका राखून ठेवण्यास सांगितलें आहे.

आमच्या वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं परसाची देखरेख असते अशा भगिनींनीं, आपापलें कुंपण एकवार पाहावें, एवढीच या महिन्याची विनंती. टेकडी सुधारण्यास वर्षें लागतील. कुंपण सुधारण्यास एक सकाळ पुरते.