नऊ तारखेचा एक प्रश्न

नाकाच्या शेंड्याखाली बोट ठेवा आणि अलगद वरच्या ओठापर्यंत आणा. मध्ये छोटीशी पन्हळ लागेल. ती आपल्याला आईच्या पोटातच पडली, तिला दिवस गेल्याची पुरती खात्री पटते न पटते त्या सुमाराला. त्या आठवड्यांत आईच्या रक्तात दारू असली, तर ही पन्हळ सपाट राहू शकते, ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी आखूड. फ्रान्समधल्या लेमवान या डॉक्टरांनी १९६८मध्ये अशी शंभरावर मुलं नोंदवली होती. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७३मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी लिहिल्यावर जग जागं झालं.

चेहऱ्यावरची खूण निदान दिसते तरी. बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच नसतं, दुखणं मेंदूत असतं. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही, एका जागी बसवत नाही, तीच चूक पुन्हा होते. शाळा म्हणते ढ, घरचे म्हणतात वांड. पोर मार खात मोठं होतं.

मध्य प्रदेशातल्या खातेगाव-नेमावरच्या पट्ट्यात चैत्र आला की पहाटे मोहाची फुलं टपटपतात आणि बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ती फुलं वाळवून खाता येतात, लाडू होतात; पण भट्टीही लागतेच. इथल्या कोरकू, बारेला घरांत मोहाची दारू देवाला चढते, लग्नात फिरते, थकल्या अंगाला उतारा म्हणूनही घेतात. आदिवासी कुटुंबांना घरापुरती काढायची सूट कायद्यानेच आहे. मला त्या प्रथेशी भांडायचं नाही. दोनजीवाच्या बाईसमोरचा पेला तेवढा उचलायचा आहे.

आणि आपण मराठी मंडळींनी नाक वर करू नये. देवास-धारच्या आपल्या घरांतही ‘थंडीत चमचाभर ब्रँडीने काय होतंय’ म्हणणारी एखादी आत्या असतेच. इंदूरच्या पार्टीतली बिअर काही वेगळी नाही. आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो. गरोदरपणी अशा औषधाची बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आई प्याली की दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते, जवळपास तितक्याच प्रमाणात. बाळाचं यकृत कच्चं, ते तिचा निचरा करू शकत नाही. मेंदू तर नऊही महिने घडत असतो, म्हणून ‘आता तीन महिने झाले, चालतं’ हे खोटं आहे. किती घेतली तर निर्धोक, असं प्रमाण सापडलेलं नाही. झालेली हानी भरून निघत नाही, मात्र शंभर टक्के टाळता येते. अमेरिकेत १९८९पासून बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापावा लागतो.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला, नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, गर्भात पोचलेल्या दारूने होणाऱ्या या विकाराचा दिवस जगभर पाळतात. आपल्याकडे २०१६पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते. वजन बघतात, रक्त बघतात. तिथेच, सगळ्यांदेखत नव्हे, बाजूला बसवून आशाताईने, नर्सबाईने एवढंच विचारावं: बाई, कधी घेतेस का? भुवया न उंचावता. ओरडलं की ती खोटं बोलेल, आणि पुढच्या नऊ तारखेला येणारच नाही. पूर्वी घेतली असेल तर घाबरवू नये. आज थांबली तरी बाळाचा फायदाच आहे. रोज पिणारीने मात्र एकदम मनाने बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फुकट फोन आहे.

डोहाळे पुरवायचे म्हणून आपण कैरी शोधत गावभर हिंडतो. नवरोबांनो, या नऊ महिन्यांत घरात बाटली आणू नका. सासूबाई, भट्टीवरच्या पहिल्या धारेची चव बघायला सुनेला बोलावू नका. येत्या नऊ तारखेला तिच्यासोबत दवाखान्यात जा.